सांगवीतला नववा धडा

परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "बारामतीकडे बघण्यासारखं काय आहे हो?" मी म्हटलं, "ऊस." "आणि इंदापुरात?" "तिथेही ऊस. मधूनमधून पाणी." काकू हिरमुसल्या. त्या नुकत्याच उटीला जाऊन आल्या होत्या आणि त्यांच्याकडे फोटोंचा जाडजूड अल्बम होता. माझ्याकडे दाखवायला धुळीनं माखलेल्या चपलांशिवाय काही नव्हतं. तिकडे सहलीला कुणी जात नाही आणि मीही हौसेनं गेले नव्हते. पण शेवटच्या दुपारी जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हा खटाटोप.

आधी कामाचं सांगते. मोठ्या माणसांना, त्यातही घरातल्या बायकांना, लिहायला-वाचायला शिकवणारी आमची एक छोटी संस्था आहे. संस्था म्हणजे पुण्यात दोन खोल्या, एक गळका माठ आणि भरपूर उत्साह, असं पूर्वी मी सांगत असे. हल्ली उत्साह वगळून सांगते. वर्गात शिकवायचं वाचनपुस्तक मी लिहिलेलं आहे. ते पहिल्यांदा छापून आलं तेव्हा उशाशी घेऊन झोपले होते. आता ते नुसतं समोर आलं तरी मला जांभई येते. इतकी वर्षं तेच 'कमल, जल भर' ऐकल्यावर दुसरं काय होणार?

यंदा शिकवणाऱ्या मुली कमी आणि वर्ग मागणारी गावं जास्त, अशी अवस्था झाली होती. एका वर्गाचं पुस्तक संपलं की तिथल्या शिकवणाऱ्या मुलीला पुढच्या गावाला पाठवायचं, असा आमचा नियम. सांगवीजवळच्या एका वस्तीवरचा वर्ग मात्र दिवाळीपासून नवव्या धड्यावर ठाण मांडून बसला होता. दर महिन्याच्या अहवालात तेच वाक्य, 'धडा नववा चालू आहे'. त्या धड्यात अडकण्यासारखं काहीही नाही. सासू-सुनेचं सहा ओळींचं बोलणं आहे, एक जोडाक्षरसुद्धा नाही. संस्थेत ठरलं की मी जाऊन वाचन तपासावं आणि वर्ग आटपावा. वाटेत भिगवण आणि निमगाव केतकीचे वर्गही बघून यावेत. माझे गुडघे तेव्हा बोलत होते, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

भिगवण

स्टेशनवर तात्या त्यांची एम-एटी दुचाकी घेऊन उभे होते. तात्या निवृत्त शाळामास्तर. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतलं आमचं काम तेच बघतात. डोक्याला मफलर, खिशाला दोन पेनं आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'काय?' लावायची सवय. "बसा बाई, घट धरून बसा, रस्ता खराब हाय, काय?" मी घट्ट धरून बसले. रस्त्याबद्दल त्यांनी काही वाढवून सांगितलं नव्हतं.

भिगवणला उजनीचं पाणी अगदी रानात येऊन पसरतं. धरणाला काठ असतो अशी माझी समजूत होती. इथे शेत कुठे संपलं आणि पाणी कुठे सुरू झालं ते कळत नाही. उथळ पाण्यात लांब पायांचे गुलाबी पक्षी मान खाली घालून चिखल चाळत होते. पुण्याहून माणसं दुर्बिणी घेऊन ते बघायला येतात, असं तात्या म्हणाले. मी दुर्बिणीशिवाय बघितले. ते दिवसभर वाकून काम करत होते, एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

वर्ग मासे धरणाऱ्या कुटुंबांचा होता. आया आणि त्यांची मुलं एकाच पाटीवर शिकतात, असा तो प्रयोग. वर्गाआधी जेवायला बसवलं. चिलापीचं लालभडक कालवण, ज्वारीची भाकरी आणि वर तळलेले तुकडे. मी मासे खाते, पण समुद्राचे. गोड्या पाण्यातल्या माशांचे काटे वेगळेच असतात, हे मला दुसऱ्याच घासाला कळलं. काटा घशात रुतला. वाढणाऱ्या बाईनं शांतपणे कोरड्या भाकरीचा गोळा करून दिला आणि म्हणाली, "चावू नगा, गिळा." गिळला. काटा तिथंच. मग केळं आलं, मग भाताचा गोळा आला, मग कुणीतरी पाठीत धपाटेही घातले. काटा शेवटी गेला, पण घसा इतका खरवडला की आवाजच फुटेना.

त्यामुळे तो वर्ग मी तोंड न उघडता पाहिला आणि फार दिवसांनी एखादा वर्ग चांगला झाला. मी नेहमी मध्ये बोलते. उच्चार सुधारते, बोट कुठे ठेवायचं ते सांगते, मग बाया वाचायच्या थांबतात आणि माझ्याकडे बघतात. त्या दिवशी मुलं आयांना चुका दाखवत होती, आया मुलांच्या डोक्यात टपल्या मारत होत्या आणि धडा बिनबोभाट पुढे सरकत होता. निघताना त्यातली एक तात्यांना म्हणाली, "ह्या बाई लई गुणाच्या, कायसुदिक बोलत न्हाईत." तात्या वाटेत बराच वेळ हसत होते.

निमगाव केतकी

दुसऱ्या दिवशी निमगावला पोचलो तो नेमका बाजाराचा दिवस. वर्गाची वेळ कळवली होती, वार कुणी बघितला नव्हता. देवळाच्या ओवरीत सतरंजी अंथरून आम्ही बसलो. समोरून आमच्या वर्गातल्या बायका टोपल्या घेऊन जात होत्या. दिसलो की हात करत होत्या. "आलेच बाई, येवढी मिरची खपू द्या." "आलेच, पानं संपली की." इथे पानमळे आहेत. विड्याची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून रचलेली आणि त्यांचा गारवा रस्त्यावरूनही जाणवत होता. ना मिरची खपली ना पानं संपली. आम्ही उन्हं कलेपर्यंत बसलो.

मला राग यायला हवा होता, पण तेवढंही त्राण नव्हतं. पुण्याला आमच्या बैठकीत 'महिलांचा अल्प प्रतिसाद' असं या दुपारचं नाव होणार, हे मला बसल्याजागी दिसत होतं. शेवटी मीच उठले आणि बाजारात हिंडले. मिरचीवाल्या बाईनं पुठ्ठ्यावर खडूनं 'लवगी' असं लिहून टोपलीत खोचलं होतं. लवंगीतला अनुस्वार गायब होता. मी वाकून बोटानं दाखवायला गेले, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई, तिखट लागल्याशी कारण." मी गपचूप पावशेर घेतली आणि तात्यांच्या मागे बसून बारामतीला आले.

सांगवी

बारामतीहून सांगवीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाच्या भिंतीच. माघातली सकाळ गार होती. कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांच्या मागे आम्ही रांगत होतो. उसाचं एखादं कांडं रस्त्यात पडलं की तात्या गाडी थांबवून उचलायचे आणि पुढच्या पिशवीत टाकायचे. मळीचा आंबूस वास नाकात बसला होता. एका ठिकाणी कालव्याचं पाणी पाटातून रस्त्यावर आलेलं होतं. तात्या म्हणाले, "पाय वर घ्या, काय?" मी घेतले, पण गाडी मधोमध बंद पडली आणि ते पाय मला तसेच पाण्यात घालावे लागले. वस्तीवर पोचले ती चपला हातात घेऊन.

वर्ग विहारात भरतो. स्वच्छ सारवलेली जमीन, निळ्या रंगाच्या भिंती, समोर बुद्धाची मूर्ती आणि तिच्यापुढे ताजी शेवंती. शिकवणारी सुनंदा त्याच वस्तीतली, बारावी झालेली, सडसडीत मुलगी. "जय भीम, बाई," म्हणाली आणि माझ्या पायांकडे बघून न विचारता तांब्याभर पाणी आणायला गेली. दुपारची वेळ. सकाळची खुरपणी उरकून बाया येत होत्या, दारात हात-पाय धुऊन दोघीदोघींत एक पुस्तक घेऊन बसत होत्या. एका पुस्तकावर दोघी, ही आमची पद्धत. छपाई परवडत नाही म्हणून ती सुरू झाली. पुढे आम्ही तिला 'परस्पर सहकार्य' असं नाव दिलं.

मी आधी तपासणी उरकली. दहावा धडा वाचायला दिला, वाचला. अकरावा आणि बारावाही घडाघडा वाचला. तात्यांच्या पिशवीतला वर्तमानपत्राचा कागद दिला, तोही अडखळत का होईना वाचून काढला आणि त्यावरच्या बातमीवर वादही घातला. म्हणजे या बायकांना वाचता येत होतं. मग नवव्या धड्यावर बसायचं कारण काय?

"आमाला त्योच आवडतो," मागून एक आवाज आला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत माझा कुठलाही धडा कुणाला आवडला नव्हता. मी म्हटलं, "मग वाचा बघू एकदा माझ्यासमोर."

तो धडा असा आहे. सून म्हणते, 'आई, जेवलात का?' सासू म्हणते, 'जेवले. तू जेवलीस का?' सून म्हणते, 'जेवले.' सासू विचारते, 'दमलीस का?' सून म्हणते, 'नाही.' सासू म्हणते, 'बस जरा.' संपला धडा. एका दुपारी जेवून आल्यावर पेंगत लिहिला होता.

एकेक जोडी वाचत गेली. भिंतीपाशी बसलेल्या जोडीची पाळी आली तसा सगळा वर्ग गप्प झाला. एक होती हौसाबाई, पन्नाशी ओलांडलेली, उंच, कपाळावर हिरवं गोंदण. दुसरी रंजना, पंचविशीची, गालफडं बसलेली. दोघींच्या मधे रंजनाची लहान पोर पिंकी मांडी घालून बसली होती आणि पुस्तक तिच्या मांडीवर होतं. रंजनानं बोट ठेवलं आणि वाचलं, "आत्या, जेवलात का?"

"तिथे 'आई' आहे," मी म्हटलं. आवाज परत आला होता ना.

वर्गात खसखस पिकली. हौसाबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुण्याच्या सुना आई म्हणत आसतील. हितं आत्याच वाचत्यात." मग तिनं आपली ओळ वाचली. ती ज्या तऱ्हेनं वाचत होती तसं कुणी वाचत नाही. 'तू जेवलीस का?' एवढं वाचून ती थांबली आणि सुनेच्या तोंडाकडे बघत राहिली. रंजनानं खाली बघून वाचलं, "जेवले." धडा संपला.

मला वाटलं, एका पुस्तकात दोघींची अडचण होत असेल. माझ्या पिशवीत जादा प्रती होत्या. मी एक काढून हौसाबाईला देऊ केली. तिनं हात मागे घेतला. "नगं बाई, येकच बरं." आणि मग सगळा वर्गच बोलायला लागला, "ऱ्हाऊ द्या बाई, त्यास्नी येकच ऱ्हाऊ द्या." फुकटचं पुस्तक नको म्हणणारा वर्ग मी पहिल्यांदाच पाहत होते.

उलगडा सुनंदाच्या घरी झाला. तिच्या आईनं पिठलं, भाकरी आणि खरडा केला होता. मी भुकेली होते, तरी सुनंदा जे सांगू लागली त्यापायी भाकरी हातातच राहिली.

"बाई, त्या दोघी सासू-सुना हायेत. आणि बोलत न्हाईत."

हौसाबाईची गाभण म्हैस गेल्या पावसाळ्यात मेली. रागाच्या भरात ती सुनेला म्हणाली, तुझा पायगुण. सूनही काही गप्प बसली नाही. शब्दाला शब्द वाढला आणि हौसाबाईनं पिंकीच्या डोक्यावर हात ठेवून आन घेतली की पुन्हा हिच्याशी एक शब्द बोलले तर या लेकराची आन. मग चूल वेगळी झाली. घर तेच, मधे पत्र्याचा आडोसा.

आमच्याकडे पुण्यात अबोला फारसा धरत नाहीत. आमच्याकडे माणसं गोड बोलून एकमेकींना घायाळ करतात, आणि ते वर्षानुवर्षं चालतं. त्यामुळे मला ही गोष्ट आधी पोरकटच वाटली. मी म्हटलं, "अगं, तुम्ही विहारात बसणारी माणसं. आन-बिन असलं काही नसतं, हे तुम्हीच लोकांना सांगायचं."

"मलाबी म्हाईत हाय, बाई," सुनंदा म्हणाली. "हौसाक्काला तर माझ्यापरीस जास्त म्हाईत हाय. दुसऱ्या दिवशीच पस्तावली ती. पण लेकरू येकच हाय नव्हं?"

यावर मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

वर्गात दोघी येत होत्या, पण लांब लांब बसायच्या. नववा धडा आला तेव्हा सुनंदानं मुद्दाम दोघींना एका पुस्तकावर बसवलं. हौसाबाईनं आधी पुस्तकाला हातच लावला नाही. मग तिनं सगळ्या वर्गाला विचारलं, "वाचल्यालं बोलण्यात धरायचं का गं?" बायकांनी त्यावर पुष्कळ खल केला. शेवटी एकमतानं ठरलं की वाचणं म्हणजे बोलणं नव्हे. शब्द पुस्तकाचे असतात, वाचणारीचे नसतात. त्या दिवशी हौसाबाईनं 'जेवले. तू जेवलीस का?' वाचलं आणि घरी जाऊन रडली. तेव्हापासून वर्ग नवव्या धड्यावर होता. पुढचे धडे बाया आपसात घरी वाचून मोकळ्या झाल्या होत्या.

"मग घरीही वाचू दे की," मी म्हटलं.

"घरी कोण कुणाच्या दारात जाणार, बाई? हितं मी सांगते म्हणून वाचत्यात. मी सांगितलं म्हणजी दोघींचाबी मान ऱ्हातो."

"निरोप पाठवता येतो."

"निरोपाला रंजना 'बरं हाय' म्हणती. आन् बरं न्हाय तिचं." सुनंदानं आवाज खाली केला. "दिवस गेल्यात तिला. पोटात कायबी ठरत न्हाय. दादल्या ट्रॅक्टर घेऊन उसाच्या वाहतुकीवर गेलाय. हौसाक्काला समदं दिसतंय, पण इचारता येत न्हाय. रोज वाचती, जेवलीस का. आन् ती वाचती, जेवले. काय करंल, पुस्तकात तसंच लिवलंय." मग ती म्हणाली, "बाई, तुमी तितं 'न्हाय' लिवलं आसतं तर बरं झालं आसतं."

मला फार वाईट वाटलं. ते शब्द मी अक्षरं सोपी म्हणून घातले होते. 'ज' आणि 'व' आधी शिकवलेले होते, एवढाच माझा विचार. मी म्हटलं, "मी आत्ता नवा धडा लिहून देते. चांगला मोठा देते, हवं ते विचारू दे." सुनंदानं मान हलवली. "हातानं लिवल्यालं चालायचं न्हाय. हातानं लिवलं म्हणजी बोलल्यागतच. छापल्यालंच पायजे, असं ठरलंय बायांत."

आणि वर्ग तर मला बंदच करायचा होता. नीरेच्या काठावरच्या एका वाडीनं किती दिवस सुनंदासाठी मागणी लावली होती. तिथल्या बायकांना 'ग' सुद्धा येत नव्हता. त्यांनी कुणाच्या अबोल्यापायी किती थांबायचं? मी कुठूनही विचार केला तरी तिथेच येत होते. आता हे लिहितानाही तिथेच येते. मी सुनंदाला सांगितलं की उद्याचा वर्ग शेवटचा. तिनं माझ्या ताटात पिठलं वाढलं आणि भांडी घासायला गेली. मला आपलं काम, आपलं पुस्तक आणि आपण स्वतः या तिन्हींचा उबग आला होता.

शेवटची दुपार

दुसऱ्या दिवशी बाया वेळेआधीच आल्या. सुनंदानं सांगितलं असणार. माझ्यावर कुणी रागावलेलं दिसलं नाही, उलट एकीनं मूठभर ओला हरभरा हातात दिला. मला ते रागापेक्षा जड गेलं. तात्या आत न येता विहाराच्या पायरीवर बसून उसाचं कांडं सोलत होते.

"काय वाचायचं?" सुनंदानं विचारलं.

"नववा," सगळ्या एकदम म्हणाल्या.

जोड्या वाचत गेल्या. कुणी घाई करत नव्हतं. भिंतीपाशी पाळी आली. रंजनाचा चेहरा कालच्यापेक्षा ओढलेला होता, ओठ सुकलेले. पिंकी माझी पिशवी दोघींच्या मधे घेऊन तिचं बक्कल उघडझाप करत बसली होती. रंजनानं पुस्तक गुडघ्यावर घेऊन वाचलं, "आत्या, जेवलात का?"

"जेवले," हौसाबाईनं वाचलं. "तू जेवलीस का?"

"जेवले."

पुढची ओळ हौसाबाईची. 'दमलीस का?' तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. ते बोट शेतातलं, जाड, नखात माती असलेलं. ती वाचेना. सुनंदा हळूच म्हणाली, "अक्का, चौथी वळ." तरी ती वाचेना. आणि मग एकदम, बांधावरून हाक मारावी तशा आवाजात ती म्हणाली,

"खोटं वाचू नगं! काय खाल्लंस सकाळपासनं?"

 हौसाबाईनं स्वतःचं तोंड हातानं दाबलं. मग तोच हात पिंकीच्या डोक्यावर गेला आणि तिनं पोरीला ओढून पोटाशी घेतलं. एवढी धिप्पाड बाई, पण तिचे डोळे भीतीनं पांढरे झाले होते. तिनं सुनंदाकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"बाई, ह्ये पुस्तक तुमी लिवलंय नव्हं?"

"हो."

"मग सांगा की. हाय नव्हं ह्यात, मी वाचलं त्ये?"

सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. प्रत्येकीच्या पुढ्यात तेच पान उघडं होतं आणि आता त्या सगळ्यांना वाचता येत होतं, हीच तर पंचाईत होती. मी इतकी वर्षं लोकांना सांगत आले की लिहिलं आहे तेच वाचा, मनाचं घालू नका. आदल्या दिवशी एका 'आई'वरून मी अख्खा वर्ग थांबवला होता.

मी उठले. गुडघे कुरकुरले. भिंतीपाशी जाऊन खाली बसले, चष्मा लावला आणि पुस्तकावर वाकले. 'दमलीस का?' या ओळीखाली बोट ठेवलं.

"आहे," मी म्हटलं. "चौथी ओळ. बरोबर वाचलंत."

हौसाबाई माझ्याकडे बघतच राहिली.

"व्हय, चौथीच वळ," सुनंदा म्हणाली. मग पुढच्या जोडीतल्या एकीनं आपल्या पुस्तकात बघितलं. "हाय की हितं." दुसरी म्हणाली, "ह्ये काय, ठसठशीत छापलंय." मागची म्हातारी पुस्तक डोळ्यांशी नेऊन म्हणाली, "मला तर कालच दिसलं हुतं." एकेक करत सगळ्यांना ती ओळ सापडली.

रंजना अजून मान खाली घालून होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी पुस्तकावर पडलं, ते तिनं पदरानं टिपलं. मग पुस्तक स्वतःकडे ओढलं, पाचव्या ओळीवर बोट ठेवलं आणि अक्षर अक्षर लावत, पहिल्या दिवशी वाचावं तसं, वाचायला लागली. त्या ओळीत 'नाही' एवढंच छापलेलं आहे.

"सकाळ… पासनं… पोटात कायबी… ठरत न्हाय, आत्या." ती थांबली. बोट जरा पुढे सरकवलं. "आंबील… आसती तर… गेली आसती."

हौसाबाईनं पिंकीला तिच्या आईच्या मांडीवर दिलं. जमिनीला हात टेकून उठली, लुगडं झटकलं. दारापर्यंत गेली आणि वळली. आता ओळ तिची होती. पुस्तक रंजनापाशी होतं, पण तिला त्याची गरज नव्हती.

"बस जरा," तिनं वाचलं आणि ती आंबील करायला गेली.

सुनंदानं पुढचं पान उलटलं नाही. आम्ही सगळ्याजणी नवव्या धड्यावर बोट ठेवून ती परत यायची वाट बघत बसलो.